मागच्या रांगेतला माणूस

यात्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारा शब्द ‘शाब्बास’ नसतो. तो असतो ‘खाली बसा’. आमच्या कळवण तालुक्यात तो ‘खाले बठा रे’ असाही येतो, आणि चौथ्या-पाचव्या वेळी त्याच्या मागोमाग एखादं ढेकूळही येतं.

दुपारी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या चालू असतात, तोवर सगळं ठीक असतं. ऊन कलतं, मोठ्या जोडी लागतात आणि मैदानाभोवतीचं कडं घट्ट होत जातं. पुढचे लोक मांडी घालून बसतात. त्यांच्या मागचे उकिडवे, त्यांच्या मागचे गुडघ्यांवर, त्यांच्या मागचे उभे. त्याच्याही मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागतात, ट्रॉल्यांच्या मागे पिकअपच्या टपावर चार-सहा जण, आणि सगळ्यांच्या वर निंबाच्या फांदीवर पोरं. कोणी इंजिनिअर बोलावलेला नसतो, पण सात मजली स्टेडियम तासाभरात उभं राहतं. मग चितपट होण्याच्या नेमक्या क्षणी पुढच्या रांगेतला एक जण उठतो. त्याच्यामुळे मागचा, मागच्यामुळे त्याच्या मागचा उठतो, आणि शेवटी सगळेच उभे. आता कोणालाच पूर्वीपेक्षा जास्त दिसत नाही, फक्त पाय सगळ्यांचे दुखतात.

खेळ पाहण्यासाठी बांधलेल्या जगातल्या बहुतेक इमारती हा एकच प्रश्न सोडवायला निघालेल्या आहेत: पुढचा न उठता मागच्याला कसं दिसेल?

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला, त्याला कारण बालेवाडी. डिसेंबर २०२४ मध्ये प्रो कबड्डीचे सामने पुण्यात होते. उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे ऐन दिवस. मजूर मिळत नव्हते, तरी पुतण्यानं हट्ट धरला. गल्लीतले नाना म्हणजे एके काळी पंचक्रोशीतल्या मैदानांत जोड लावणारे गडी, आता गुडघे गेलेले. तेही म्हणाले, ‘येतो, एकदा बघू तर द्या.’ नांदुरी, वणी, दिंडोरी, नाशिक आणि तिथून सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण करत आम्ही संध्याकाळी महाळुंगे-बालेवाडीला पोचलो.

श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. २००८ चे राष्ट्रकुल युवा खेळ इथेच झाले. कबड्डीचे सामने होतात ते तिथल्या बॅडमिंटन हॉलमध्ये. त्या वर्षीची अंतिम लढतही २९ डिसेंबरला इथेच झाली आणि हरियाणा स्टीलर्सनं पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवलं. आम्ही अंतिम सामन्याला नव्हतो, साध्या साखळी सामन्याला होतो, आणि बसलो होतो बरेच मागे.

आत शिरताच नाना थबकले. बाहेर थंडी, अंधार, गाड्यांचे हॉर्न. आत बोळातून चालत पायऱ्यांच्या तोंडाशी आलं की एकदम खाली उजेडाचा चौकोन. प्रेक्षकांवर अंधार, मॅटवर दिवसासारखा प्रकाश. डोळ्याला दुसरीकडे जायला जागाच ठेवलेली नाही. नाना खुर्चीवर बसले, मान डावीकडे-उजवीकडे करून पाहिली, आणि पहिलं वाक्य बोलले ते खेळाबद्दल नव्हतं: ‘अरे, पुढच्याचं डोकं मधे येतच नाही!’

ते न येण्यामागे हिशोब आहे, आणि तो अवघड नाही. मागच्या माणसाच्या डोळ्यापासून मैदानावरच्या एका ठरावीक बिंदूपर्यंत दोरी ताणली असं समजा. ती दोरी पुढच्या माणसाच्या डोळ्याच्या किती वरून जाते, त्या अंतराला स्टेडियम बांधणारे ‘सी-व्हॅल्यू’ म्हणतात. आपल्या डोळ्यापासून टाळूपर्यंत साधारण १२ सेंटिमीटर असतात. दोरी १२ सेंटिमीटर वरून गेली तर पुढच्याच्या डोक्यावरून सरळ दिसतं, म्हणून १२० मिलिमीटर हे उत्तम. ९० मिलिमीटर चांगलं, कारण दोन डोक्यांच्या फटीतून नजर जाते. ६० म्हणजे मान वाकडी करून पाहणं. त्याच्या खाली ढेकळं.

आता खरी गंमत. पायऱ्या सगळ्या सारख्या उंचीच्या केल्या तर मागच्यांचं नुकसान होतं. मैदानाचा बिंदू पहिल्या रांगेपासून १० मीटरवर धरा, बसलेल्या माणसाचा डोळा १.२ मीटरवर, दोन रांगांमध्ये ८० सेंटिमीटर. ९० मिलिमीटरचा नियम पाळायचा तर दुसरी रांग पहिलीपेक्षा १९ सेंटिमीटर उंच हवी. पण एकविसावी रांग विसाव्या रांगेपेक्षा २७ सेंटिमीटर उंच करावी लागते. जितकं मागे जावं तितका चढ वाढतो. म्हणूनच चांगल्या स्टेडियमचा काप सरळ उतरणीसारखा नसतो, कढईच्या कडेसारखा वर वळत जातो. वरच्या मजल्यावर जाताना आपण कठडा का धरतो, त्याचंही उत्तर यात आलं.

हे गणित सूत्रात मांडायच्या आधीही ज्यांना नजर होती त्यांना कळलेलंच होतं. आपल्याकडचं उत्तम उदाहरण कोल्हापूरचं खासबाग. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोझियम पाहिलं, आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं. मधोमध लाल मातीचा आखाडा आणि चहूबाजूंनी त्याच्याकडे उतरत येणारी गोल बैठक. राजानं परदेशातून काय आणावं याचे नमुने आपल्याकडे पुष्कळ आहेत: झुंबरं, मोटारी, शिकारीच्या बंदुका. या राजानं मागच्या रांगेतल्या माणसाची सोय आणली. खासबागेत नजर अडत नाही. तिथे माती घडवली जाते ताक, तेल, हळद, लिंबू घालून, तशीच बैठकही घडवलेली आहे, पण तिचं कौतुक कोणी करत नाही, कारण चांगल्या बैठकीचं काम हेच की ती आठवूच नये.

रोमकडून घेण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे बाहेर पडणं. इसवी सन ८० मध्ये खुल्या झालेल्या कलोझियमला तळाशी ८० कमानी होत्या आणि त्यातल्या ७६ कमानींवर आकडे कोरलेले होते. प्रेक्षकाच्या हातातल्या खापराच्या तिकिटावर आकडा, तोच कमानीवर. हजारो माणसं एका दारावर तुटून पडू नयेत म्हणून. आज बालेवाडीच्या तिकिटावर गेट, स्टँड, रांग, खुर्ची असे चार आकडे असतात ते त्याच घराण्यातले. या बाबतीत आपण अजून ढिले आहोत. तालुक्याच्या एका सभागृहात, नाव नको, मी आंतरशालेय सामने पाहिले. तीन दारांपैकी दोनांना कुलूप आणि तिसऱ्याच्या तोंडाशी पाहुण्यांसाठी पांढरे अभ्रे घातलेला सोफा. खासबागेला लागूनच असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळून गेलं. त्या रात्री आत प्रयोग नव्हता. असता तर, हा विचार मी पुढे नेत नाही.

बालेवाडीत सामना सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला नाना अस्वस्थ झाले. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून गेला, निदान रेषेपाशी पाय लांबवला, परत फिरला. वर पडद्यावर तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. शेवटची पाच सेकंदं आली की सगळा हॉल एका सुरात मोजायला लागतो. नाना म्हणाले, ‘याच्यात दम कुठंय? माणसाऐवजी घड्याळच दम धरतंय.’

नानांचा मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. मूळ हुतूतूत घड्याळ नव्हतं, श्वास होता. एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत जायचं आणि दम टिकेपर्यंत परत यायचं. चढाई किती वेळ चालेल हे चढाईपटूच्या छातीवर ठरायचं, आणि दम सुटला की नाही हे पंच कानांनी ठरवायचे. मातीच्या मैदानावर, शे-दोनशे माणसांत ते ऐकू येतं. बंद हॉलमध्ये चार हजार घसे आणि ढोल-ताशा यांच्या आड एका माणसाचा श्वास कसा मोजणार? २६ जुलै २०१४ ला मुंबईत वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये प्रो कबड्डी सुरू झाली ती ३० सेकंदांच्या चढाईसह. संघाच्या सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद, हाही नियम तिच्यातच लोकांना ठाऊक झाला. दोन्ही नियम खेळाडूंच्या सोयीचे नाहीत. ते तुमच्या-माझ्या चुळबुळीवर उपाय म्हणून आलेत. ‘लोण’ हा आपला रसरशीत शब्द मात्र उगाच गेला. आता सगळे ‘ऑल आउट’ म्हणतात.

प्रेक्षकामुळे खेळ बदलल्याची सगळ्यात नामी गोष्ट बास्केटबॉलची आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकानं हिवाळ्यात पोरांना आत खेळवायला एक खेळ काढला. १३ नियम, पीच फळांच्या दोन टोपल्या. टोपल्या त्यानं ठोकल्या व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला. कठडा जमिनीपासून १० फुटांवर होता म्हणून आजही जगभर बास्केटची कडी १० फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. पहिल्या सामन्यात एका बाजूला नऊ गडी होते आणि स्कोअर झाला १-०. पण कठड्याला टोपली म्हणजे टोपलीच्या मागे प्रेक्षक. गॅलरीतले लोक वाकून आपल्या संघाचा चेंडू आत ढकलायचे, दुसऱ्याचा बाहेर. शेवटी टोपलीमागे आडवी फळी लावावी लागली. आज ज्या काचेच्या फळीवर चेंडू आपटून खेळाडू आत टाकतात, ती त्या खेळाचा अर्धा जीव आहे, आणि ती जन्मली आगाऊ प्रेक्षकांना आवरायला. पुढे काही ठिकाणी मैदानाभोवती चक्क तारेची जाळी मारली गेली, म्हणून अमेरिकेत बास्केटबॉल खेळणाऱ्यांना बराच काळ ‘पिंजऱ्यातले’ अशा अर्थाचं नाव होतं.

घड्याळ तिथेही आलं, आणि कंटाळ्यामुळेच आलं. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं. चेंडू हातात धरून वेळ घालवा, हा त्यांचा डाव. लोक वैतागले. १९५४ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये २४ सेकंदांचं घड्याळ आलं. आकडा निघाला तो साध्या भागाकारातून: सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंद. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा चेंडू टाकतात. भागाकार २४. कॉलेजांनी मात्र दम धरला. तिथे पुरुषांच्या खेळात घड्याळ सरसकट आलं ते १९८५-८६ च्या हंगामात, ४५ सेकंदांचं, आणि ते उतरत उतरत २०१५ मध्ये ३० वर आलं. कबड्डीची चढाईही ३० चीच. योगायोग असेल, पण मला वाटतं बसल्या जागी माणसाची उत्सुकता ताणायची मर्यादाच साधारण तेवढी असावी.

माझी भाची इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठात शिकते. तिकडच्या कॉलेजचे सामने ती फोनवर दाखवते. इंडियाना म्हणजे मक्याची शेतं, आणि जिथे तिथे गोठ्याच्या भिंतीवर ठोकलेली बास्केटची कडी. १९५४ मध्ये मिलान नावाच्या खेड्यातल्या १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेनं राज्याच्या अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रल या बड्या शाळेला ३२-३० असं हरवलं. ती गोष्ट तिकडे अजून सांगतात, आपल्याकडे जुन्या कुस्त्या सांगतात तशी. पर्ड्यूचं मॅकी अरीना १९६७ मधलं, गोल, वर घुमट, चौदा हजारांहून जास्त प्रेक्षकांचं. भाचीनं पहिल्यांदा व्हिडिओ पाठवला तेव्हा मी आवाज कमी केला, फोन बिघडलाय असं वाटून.

उघड्या मैदानात ओरडलेलं आकाशात जातं आणि परत येत नाही. म्हणून तर हलगीसारखं टिपेचं वाद्य लागतं. घुमटाखाली आवाज छतावर आपटून खाली येतो, तोवर पुढची आरोळी निघालेली असते, आणि दोन्ही एकमेकींत मिसळतात. १३ फेब्रुवारी २०१७ ला कॅन्सस विद्यापीठाच्या ॲलन फील्डहाउसमध्ये १३०.४ डेसिबल आवाजाची गिनीज नोंद झाली. डेसिबलमध्ये दहानं वाढ म्हणजे आवाजाची ताकद दहापट, हे लक्षात घेतलं की हा आकडा कळतो. याच कॅन्ससमध्ये नेस्मिथ पुढे प्रशिक्षक होता, आणि त्या विद्यापीठाच्या पुरुषांच्या बास्केटबॉल संघाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त सामने हरलेला तो एकमेव प्रशिक्षक आहे. खेळ काढणं वेगळं, जिंकणं वेगळं.

अमेरिकी कॉलेजांची जी एक गोष्ट मला उचलावीशी वाटते ती इमारतीची नाही, रांगेची आहे. ड्यूक विद्यापीठाचं कॅमेरॉन स्टेडियम १९४० मधलं, ९,३१४ जणांचं, आजच्या मानानं लहानच. पण तिथे मैदानाला खेटून, अगदी रेषेपाशी, उभे असतात विद्यार्थी. पैसेवाले देणगीदार वर. त्या जागेसाठी पोरं थंडीत आठवडेच्या आठवडे बाहेर तंबू ठोकून राहतात, १९८६ पासून. सप्तशृंगगडावर चैत्री पौर्णिमेला चालत जाऊन रांगेत उभं राहणाऱ्या आपल्या लोकांना याचं नवल वाटायचं कारण नाही. पण आपल्याकडे पुढची रांग कोणाची असते? मान्यवरांची. पहिल्या कुस्तीला नारळ फोडतात, फोटो काढतात, दुसऱ्या कुस्तीला सोफा रिकामा. आणि ज्या पोराला पुढे पट काढायला शिकायचंय तो निंबावर.

बास्केटबॉल आपल्याला परका नाही. वायएमसीएच्या वाटेनंच तो इकडे आला. मद्रासला १९२० मध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघालं, तिथे शिकलेल्यांनी तो देशभर नेला. मुंबईत तो रुजला नागपाड्यात. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात तिथे नेबरहूड हाउस सुरू केलं. हेच मॅन्शार्ट पुढे १९३६ मध्ये टाटांच्या समाजकार्य संस्थेचे पहिले संचालक झाले. दाटीवाटीच्या त्या वस्तीतून पिढ्यान्‌पिढ्या बास्केटबॉलपटू निघाले. त्यासाठी चौदा हजारांचा घुमट लागला नाही.

आपल्या खेळांना तर तो लागतच नाही. बास्केटबॉलचं मैदान २८ बाय १५ मीटर, पुरुषांच्या कबड्डीचं १३ बाय १०, म्हणजे एक तृतीयांशही नाही. जितकं मैदान लहान तितका शेवटचा प्रेक्षक जवळ. बालेवाडीत आम्ही मागे होतो, तरी पकडीत सापडलेल्या चढाईपटूची बोटं मध्यरेषेपासून वीतभर अलीकडे थांबलेली दिसली. मॅटवर बुटांचा चर्र आवाज, मग सात जणांचा धप्प, आणि तो एक हात रेषेकडे ताणलेला. नाना उभे राहिले. गुडघे गेलेले नाना. मागून आवाज आला, ‘काका, बसा ना खाली!’ ते बसले, आणि मोठ्यानं हसले.

आमच्या मागे एक पूर्ण कुटुंब होतं, आजी धरून. आपल्या कुस्ती मैदानात बाया दिसत नाहीत. त्याला रूढी कारण आहेच, पण बसायला नीट जागा, दिवा आणि संडास नसणं हेही कारण आहे.

परतताना चाकणजवळ चहाला थांबलो तेव्हा नानांनी कागद मागितला. माझ्या हिशोबाची वही गाडीत होती, तिच्यातलं पान दिलं. त्यांनी आमच्या यात्रेचं मैदान काढलं. पूर्वेला ओढा, पश्चिमेला टेकडीचा उतार. कुस्ती आजवर मधे सपाटीवर लागते आणि उताराला गाड्या लागतात. ‘उलटं करायला पाहिजे,’ नाना म्हणाले. ‘आखाडा उताराच्या पायथ्याशी, गाड्या सपाटीवर.’

सिमेंट नको, छत नको, आमदार निधी नको. एक दिवसाचा जेसीबी आणि एक पाण्याची टाकी. ग्रामपंचायतीच्या मंडळींनी हे वाचलं तर एवढंच करावं: यंदाच्या यात्रेआधी उताराला दहा पायऱ्या कापून घ्याव्यात, प्रत्येक पायरी ८० सेंटिमीटर रुंद. दुसरी पहिलीपेक्षा १९ सेंटिमीटर उंच, आणि पुढे प्रत्येक थोडी थोडी जास्त. जायला-यायला दोन्ही टोकांना वाट मोकळी ठेवावी. आणि सोफा शेवटच्या पायरीवर ठेवावा. तिथूनही दिसतं.